सिस्टरने बदललेली गोळी

वाचकाचे पत्र

आम्ही मूळचे सांगलीचे. दोन वर्षांपासून मुलाकडे, अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. माझे वय ६६, यांचे ७२. हे पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. इथे मुलाने जवळच्या दवाखान्यात नाव घातले, तेव्हा डॉक्टर तपासतील असे आम्हाला वाटले होते. पण पहिल्या भेटीपासून एक नर्स प्रॅक्टिशनरच तपासते. मुलगी पस्तिशीची असेल. बोलायला गोड आहे. पण यांचे म्हणणे, सातासमुद्रापार येऊन सिस्टरलाच दाखवायचे होते तर सांगली काय वाईट होती?

गेल्या महिन्यात तिने सांगलीच्या डॉक्टरांनी बारा वर्षे दिलेली गोळी बंद केली आणि दोन नवी औषधे लिहून दिली. पायाला दोरा टोचून पाहिला, उपासतापास विचारले, आणि सगळे सांगून झाल्यावर ‘आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय करणार’ असे म्हणून यांच्याकडून वदवून घेतले. ‘मला शाळेतल्या पोरासारखे उभे केले’ म्हणून हे घरी येईपर्यंत धुमसत होते. परवा कपाट आवरताना कळले की नव्या औषधांबरोबर हे सांगलीहून आणलेली जुनी गोळीही गुपचूप घेत आहेत. पंधरा दिवसांत तीनदा पहाटे घामाने भिजून जागे झाले, साखर खाल्ल्यावर बरे वाटले. ‘इथल्या हीटरमुळे होते, मुलाला सांगू नकोस’ म्हणतात. जुन्या पट्टीवरची आणि नव्या बाटल्यांवरची नावे सोबत उतरवली आहेत. आम्ही डॉक्टरच हवेत असा आग्रह धरावा का? नर्सने बदललेल्या औषधावर कितपत विसंबावे?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचल्याबरोबर मी आपल्याला ईमेलने दोन ओळी कळवल्या होत्या, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. इतर वाचकांसाठी त्या इथे पुन्हा देते : बंद केलेली जुनी गोळी आजपासून यजमानांच्या हाती लागू द्यायची नाही, आणि आजच दवाखान्यात फोन करून घडले ते सगळे, पहाटेच्या घामासह, सांगायचे.

आपण पट्टीवरची बारीक अक्षरे जशीच्या तशी उतरवून पाठवलीत, हे फार चांगले केलेत. आपल्याकडे मधुमेहाच्या एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र असतात आणि घरात ती ‘साखरेची गोळी’ या एकाच नावाने ओळखली जाते. आपल्या जुन्या पट्टीवर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी दोन नावे आहेत. नव्या बाटल्यांपैकी एकीवर मेटफॉर्मिन आहे आणि दुसरीवर सिटाग्लिप्टिन. म्हणजे नर्सने जुन्या गोळीतले मेटफॉर्मिन चालू ठेवले, ग्लिमेपिराइड काढले आणि त्याच्या जागी सिटाग्लिप्टिन घातले. यजमान मात्र आता मेटफॉर्मिन दोन्हींकडून घेत आहेत, आणि जे काढायचे होते ते ग्लिमेपिराइड तसेच चालू असून त्याच्या जोडीला नवे औषधही पोटात जात आहे. ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, मग माणूस जेवलेला असो वा उपाशी. पहाटेचा तो घाम हीटरचा नसून रक्तातली साखर फार खाली गेल्याचा असावा, असे मला वाटते. साखर खाल्ल्यावर बरे वाटते, यावरूनच ते सुचते.

असे पुन्हा झाले आणि घरात ग्लुकोमीटर असेल, तर त्याच वेळी बोट टोचून पाहावे. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्रच नसेल, तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि आकडा अजून खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. पेढा, बर्फी किंवा चॉकलेट या वेळी उपयोगाचे नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. बरे वाटल्यावर पोळीभाजीसारखे काही पोटात जाऊ द्यावे, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ राहतो आणि वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. माणूस शुद्धीवर नसेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता ९११ या तिथल्या आपत्कालीन मदतीच्या क्रमांकाला फोन करायचा. हे मुलाला आणि सुनेलाही ठाऊक असायला हवे, त्यामुळे ‘मुलाला सांगू नकोस’ ही अट आपण पाळू नये.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळते. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या दोन शब्दांपैकी पहिलाच शब्द आपल्या ओळखीचा आहे, आणि बहुतेक गैरसमज त्या ओळखीतूनच निघतो. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांच्या साथीने या शिक्षणक्रमाची सुरुवात केली. ज्या भागात डॉक्टर पोहोचत नव्हते, तिथल्या मुलांची तपासणी, लसीकरण आणि आईबापांना समजावून सांगणे हे अनुभवी परिचारिकेला पुढचे शिक्षण देऊन सोपवता येईल, असा तो विचार होता. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी वारल्या. तोपर्यंत त्यांच्या देशात नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या चार लाखांच्या घरात गेलेली होती.

तिथे हा हुद्दा नुसत्या अनुभवाच्या किंवा सेवाज्येष्ठतेच्या बळावर मिळत नाही. आधी नोंदणीकृत परिचारिका व्हावे लागते, मग पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट पातळीचे शिक्षण, त्यात शरीरतपासणी, निदान आणि औषधशास्त्र हे विषय, रुग्णांसोबतचे ठरावीक तास, त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आणि शेवटी त्या त्या राज्याचा परवाना. पुढचे अधिकार राज्यागणिक बदलतात. काही राज्यांत डॉक्टरांशी लेखी करार असावा लागतो, तर निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे तपासू शकते, चाचण्या सांगू शकते आणि औषध लिहून देऊ शकते. आपण राहता ते वॉशिंग्टन राज्य या दुसऱ्या गटात मोडते, आणि तिथे या परवान्याला ‘एआरएनपी’ (अ‍ॅडव्हान्स्ड रजिस्टर्ड नर्स प्रॅक्टिशनर) म्हणतात. पुढच्या भेटीत तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ती अक्षरे यजमानांना दाखवावीत. तेव्हा तिने गोळी बंद केली हा कायद्याने तिचा अधिकार होता, यात शंका नको.

पण अधिकार असणे वेगळे आणि निर्णय बरोबर असणे वेगळे, आणि आपण विचारले आहे ते दुसऱ्याबद्दल. २००० साली न्यूयॉर्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १,३१६ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात वाटून दिले होते. सहा महिन्यांनंतर मधुमेह किंवा दम्याच्या रुग्णांच्या प्रकृतीत दोन्ही बाजूंना फरक दिसला नाही, आणि रक्तदाबाच्या रुग्णांत खालचा आकडा नर्सकडच्या गटात किंचित कमीच होता. पुढे २०१८ मध्ये अशा अठरा चाचण्या एकत्र तपासणारा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेचा आढावा निघाला, आणि प्राथमिक उपचारांत प्रशिक्षित परिचारिकांची सेवा डॉक्टरांच्या तोडीची किंवा थोडी सरस असावी, रुग्ण तिथे जास्त समाधानी असतात, मात्र त्या वेळ जास्त घेतात, असा त्याचा निष्कर्ष होता. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील तातडीच्या विभागांवर २०२२ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात नर्स प्रॅक्टिशनरने पाहिलेले रुग्ण विभागात अधिक वेळ राहिले आणि टाळता येण्याजोग्या भरती वाढल्या, असे आढळले. मला या दोहोंत विसंगती दिसत नाही. महिनोन्‌महिने चालणारा, ओळखीचा, नियमांत बसणारा आजार ही एक गोष्ट. रात्री दोन वाजता छातीत दुखत आलेला अनोळखी माणूस ही दुसरी. डॉक्टरांचे शिक्षण आणि निवासी प्रशिक्षण नर्स प्रॅक्टिशनरपेक्षा कितीतरी लांबीचे असते, आणि त्याचा उपयोग जिथे गुंता असतो तिथे होतो.

यजमानांचा आजार पहिल्या प्रकारचा आहे. आणि गोळीच्या बाबतीत सांगायचे तर, अमेरिकेतली वृद्धरोगतज्ज्ञांची संस्था ६५ वर्षांवरील माणसांनी कोणती औषधे शक्यतो टाळावीत याची यादी वेळोवेळी काढते. २०२३ च्या यादीत ग्लिमेपिराइड ज्या गटात येते तो पूर्ण गट पहिल्या किंवा दुसऱ्या पसंतीचे औषध म्हणून देऊ नये असे म्हटले आहे, कारण म्हाताऱ्या शरीरात साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका वाढतो आणि त्यातून पडणे, हाड मोडणे, गोंधळल्यासारखे होणे असे प्रकार घडतात. सांगलीच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली तेव्हा यजमान साठीत होते, ती स्वस्त आणि परिणामकारक आहे, आणि त्यांनी काही चूक केली असे मी म्हणणार नाही. साठीला जे बरोबर असते ते बहात्तरीला बरोबर राहतेच असे नाही, एवढाच मुद्दा आहे. एकदा चाललेली गोळी वर्षानुवर्षे कोणी उलटून पाहत नाही, हे मात्र मी खूपदा पाहिले आहे.

त्या मुलीचेही थोडे चुकले, असे मला वाटते. परदेशातून आलेला रुग्ण सहा-सहा महिन्यांचा साठा सामानात घेऊन येतो, हे तिच्यासारखीला एव्हाना माहीत असायला हवे. तिच्या संगणकात आपल्या भारतीय ब्रँडचे नाव सापडणार नाही. ‘ही गोळी बंद’ असे सांगून भागत नाही. ‘उरलेल्या पट्ट्या पुढच्या वेळी घेऊन या’ असे म्हणून त्या टेबलावर मांडायला लावल्या असत्या, तर यजमानांची लपवाछपवी पहिल्याच आठवड्यात उघड झाली असती.

आता ‘शाळेतल्या पोरासारखे उभे केले’ या तक्रारीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते आपल्या घरातल्या भांडणाचे मूळ गोळीपेक्षा तिथे जास्त आहे.

मी राज्य शासनाच्या रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका, मग परिसेविका म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, आणि शेवटची अकरा वर्षे पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिकाऊ परिचारिकांची शिक्षिका होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्हाला एक वाक्य पाठ झालेले होते, ‘डॉक्टरांना विचारा.’ रुग्णाने औषधाचे नाव विचारले, पथ्य विचारले, घरी कधी सोडणार विचारले, तरी उत्तर तेच. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला दोघी असताना बोलायला वेळही नसे, हे खरे. पण बोलणे हे आपले काम नाही, असेच आमच्या अंगवळणी पडले होते. त्या काळात एका गावी ऊसतोडणीच्या टोळीतल्या मुकादमाला इन्शुलिन सुरू झाले. सुटी मिळण्याच्या दिवशी मी त्यांना सुई भरायला दाखवली, दंडावर आणि पोटावर कुठे टोचायचे ते दाखवले, ‘बाटली थंड जागी ठेवा’ म्हणून बजावले आणि विचारले, ‘कळले ना?’ ते म्हणाले, ‘हो बाई.’ तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा साखर चारशेच्या पुढे होती. डोस बरोबर, वेळ बरोबर, टोचण्याची पद्धत बरोबर. मेट्रनबाईंनी शेवटी विचारले, ‘बाटली कुठे ठेवता?’ घरी फ्रीज नव्हता, म्हणून त्यांनी ती बाजारातल्या कुल्फीवाल्याच्या बर्फाच्या पेटीत ठेवायला दिली होती. रोज सकाळी गोठलेली बाटली तळहातांत चोळून ते पातळ करत आणि मग टोचत. गोठलेले इन्शुलिन निकामी होते. ‘थंड’ म्हणजे माझ्या मनात माठाशेजारची जागा होती, त्यांच्या मनात बर्फ. त्यांनी माझे शब्द तंतोतंत पाळले होते, आणि चूक माझी होती.

‘कळले ना?’ या प्रश्नाला आपल्या माणसांकडे एकच उत्तर असते. समोरच्या शिकलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे हा त्याचा अपमान वाटतो, आणि स्वतःचाही. म्हणून परिचारिकांना आता असे शिकवतात की रुग्णाला कळले का ते विचारू नये, त्याच्याच शब्दांत पुन्हा सांगायला लावावे, आणि ते चुकले तर दोष सांगणाऱ्याचा मानून दुसऱ्या तऱ्हेने समजवावे. आपल्या यजमानांकडून तिने जे वदवून घेतले ते हेच. परीक्षा होती ती तिच्या सांगण्याची. उत्तर तेवढे यजमानांच्या तोंडून यायचे होते. ती हे आधी सांगून टाकू शकली असती, ‘माझे सांगणे नीट झाले की नाही ते मला पाहायचे आहे’ असे एक वाक्य पुरले असते. पण आमच्या व्यवसायातही सगळ्यांनाच बोलण्याची हातोटी सारखी नसते.

पायाला टोचलेल्या ‘दोऱ्या’चेही तसेच. तो नायलॉनचा तंतू असतो आणि तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा भार पडतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाला तो स्पर्श ठिकठिकाणी कळतो का, हे पाहतात. ज्याला कळत नाही, त्याला चपलेतला खडाही कळत नाही, आणि मधुमेहात पाय गमावण्याची सुरुवात बहुधा अशाच एखाद्या न कळलेल्या जखमेपासून होते. चौदा वर्षांत सांगलीला यजमानांचे पाय कोणी किती वेळा तपासले, हे आपण त्यांना सहज विचारून पाहावे. उत्तर ‘एकदाही नाही’ असे आले, तर त्यात त्या डॉक्टरांचा दोष कमी आणि बाहेर बसलेल्या साठ रुग्णांचा जास्त, हे मी मान्य करते.

मधुमेहात दवाखान्यातला माणूस वर्षातून चार-पाच वेळा, दर खेपेस फार तर अर्धा तास भेटतो. बाकीचे सारे दिवस उपचार घरी, स्वयंपाकघरात आणि कपाटात चालतात, आणि ते चालवणारी माणसे म्हणजे आपण दोघे. म्हणून शिकवणे हा इथे औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे. पाटबंधाऱ्यातल्या साहेबांना तो कमीपणा वाटला, याचे मला नवल वाटत नाही. आपल्याकडे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची आणि रुग्णाने खाली मान घालून निघायचे, हाच रिवाज ज्यांनी आयुष्यभर पाहिला, त्यांना अर्धा तास बोलणारी सिस्टर म्हणजे डॉक्टर न मिळाल्याची भरपाई वाटते.

डॉक्टरांचा आग्रह धरावा का, याचे माझे उत्तर असे की तो हक्क आपल्याला आहे, दवाखान्यात तसे सांगितले तर कोणी रागावणार नाही. पण केवळ हुद्द्यासाठी तो वापरू नये. यजमानांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचे आकडे बिघडत चालले, छातीत दुखणे किंवा चालताना धाप लागणे सुरू झाले, औषधे बदलूनही साखर महिनोन्‌महिने हाती येत नाही, किंवा कारण न सापडता वजन उतरू लागले, तर मात्र डॉक्टरांना, गरज पडल्यास त्या त्या तज्ज्ञाला, दाखवा असे आपणच म्हणावे. चांगली नर्स प्रॅक्टिशनर अशा वेळी स्वतःहून पुढे पाठवते. तिला सरळ विचारावे, ‘कोणत्या परिस्थितीत तुम्ही यांना डॉक्टरांकडे पाठवाल?’ या प्रश्नाला जी थांबून, विचार करून, नेमके उत्तर देते, तिच्यावर मी विसंबेन. जी ‘काळजी करू नका, मी आहे’ म्हणते, तिच्यावर नाही. डॉक्टर निवडतानाही मी हीच कसोटी लावते.

भाषेचेही पाहा. पत्रात लिहिले नसले तरी दुभाष्याचे काम मुलगा करत असणार, असा माझा अंदाज आहे. मुलगा मीटिंग सोडून आलेला असतो, तो दहा वाक्यांची दोन करतो, आणि वडील मुलासमोर लघवीच्या तक्रारीबद्दल किंवा चोरून घेतलेल्या गोळीबद्दल बोलत नाहीत. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांवर रुग्णाला त्याच्या भाषेचा प्रशिक्षित दुभाषी विनामूल्य देण्याचे कायद्याने बंधन आहे. मराठी दुभाषी बहुतेक वेळा फोनवर किंवा पडद्यावर मिळतो, पण वेळ ठरवतानाच तसे सांगून ठेवावे लागते. ‘आम्हाला इंग्रजी येते’ हा साहेबांचा अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागेल. खात्याच्या पत्रव्यवहाराचे इंग्रजी वेगळे आणि पोटात कसे होते हे सांगण्याचे इंग्रजी वेगळे.

‘सांगली काय वाईट होती’ या वाक्यावरून एक आठवले, तेही लिहून टाकते. आपल्याकडेही वारे बदलते आहे. गावातल्या उपकेंद्राचे आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले असून तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. महाराष्ट्रात त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, तशाच बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीही आहेत. तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासणे, गोळ्या चालू ठेवणे, गरज पडली तर ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलणे हे त्यांचे रोजचे काम. केंद्र सरकारने २०१८ मध्ये सुईणपणाच्या सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढून प्रसूतीसाठी नर्स प्रॅक्टिशनरचे अठरा महिन्यांचे प्रशिक्षण आखले, आणि अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा वेगळा शिक्षणक्रमही आहे. अमेरिकेसारखा स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा अधिकार या मुलींना इथे नाही, आणि शिकून आलेल्या मुलीला पुन्हा साध्या ड्यूटीवर लावण्याची आपली सवय गेलेली नाही, हे माझे जुने दुखणे आहे. तरी सांगलीला परत गेलात तर जवळच्या आरोग्य मंदिरात बसलेली सिस्टर यजमानांना उपासाबद्दल विचारील, याची तयारी ठेवावी.

राहिला प्रश्न त्यांची समजूत कशी घालायची याचा. ‘तुम्ही लपवलेत’ या शब्दाने सुरुवात करू नये. दवाखान्यात फोन झाल्यावर घरातल्या सगळ्या गोळ्या, जुन्या-नव्या, सांगलीची आयुर्वेदिक चूर्णेसुद्धा, एका पिशवीत भराव्यात आणि पुढच्या भेटीला ती पिशवीच न्यावी. जुन्या पट्ट्या कचऱ्यात टाकण्याऐवजी तिथल्या बऱ्याच औषधाच्या दुकानांत जुनी औषधे परत घेणारी पेटी असते, तिच्यात टाकता येतील, पण पिशवी दाखवून झाल्यावर. सांगलीच्या डॉक्टरांसाठी औषधबदलाचे एक लेखी टिपण नर्सकडून मागून घ्यावे आणि त्यांना पाठवावे. त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटले की यजमानांचा अर्धा विरोध मावळेल, आणि त्यांचे काही वेगळे म्हणणे असेल तर ते नर्सला कळलेच पाहिजे.

आणि धरणावर ज्या माणसाने उमेदीची वर्षे पाण्याची पातळी नोंदवली, त्याच्या हाती आपण कोरी वही का देत नाही? डावीकडे तारीख आणि वेळ, मग साखरेचा आकडा, शेजारी काय खाल्ले ते. पत्रात उपासाचा उल्लेख आहे म्हणून लिहिते : यजमान आजवर एकादशीला ग्लिमेपिराइड घेऊन सकाळभर निरंकार राहत आले असतील, तर ते खरोखर जोखमीचे होते. नव्या दोन औषधांत स्वतःहून साखर फार खाली ओढण्याची प्रवृत्ती कमी असते, म्हणजे ज्या मुलीवर ते रागावले आहेत, तिच्याच बदलामुळे त्यांना उपास करणे आता पूर्वीपेक्षा सुरक्षित झाले आहे. धोका राहतो तो दुसऱ्या बाजूने, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी तिला समजणार नाही. तिला ‘टॅपिओका’ म्हणून सांगावे, बरोबर शेंगदाण्याचे कूट आणि बटाटा असतो हेही सांगावे, आणि किती वाटी ते हातानेच दाखवावे. आषाढीच्या आधी एखाद्या साध्या एकादशीला खिचडीपूर्वीचा आणि दोन तासांनंतरचा आकडा यजमानांनी स्वतः वहीत मांडावा. ते पान उघडून त्यांनी तिच्यापुढे ठेवले, की त्या दिवशी शिकवण्याची पाळी त्यांची असेल.